वाचकांचे प्रश्न : रीमा लागूंची कोकी आणि देवकी

मागच्या अंकात जुन्या दूरदर्शनच्या सिरियल्सबद्दल लिहिताना रीमा लागूंचं नाव एका ओळीत येऊन गेलं, तर त्या एका ओळीवर एवढी पत्रं आली की यावेळचं सगळं सदर त्यांच्यावरच करतोय. पत्रं सगळी ठाण्याची आणि खाडीपलीकडची, निवडक घेतलीयत.

प्रश्न (नौपाडा, ठाणे) : माझी आई 76 वर्षांची आहे. बाबा गेल्यापासून ती टीव्हीसमोर बसायची पण बघत काहीच नव्हती. दिवाळीत नातवाने मोबाईलवर 'तू तू मैं मैं' लावून दिलं आणि ती एवढ्या जोरात हसली की आम्ही स्वयंपाकघरातून धावत आलो. आता रोज दुपारी एक एपिसोड ठरलेला. माझी बहीण म्हणते, रीमा लागू म्हणजे सलमानची आई, कॉमेडी त्यांनी जाता जाता केली. मला हे पटत नाही. त्या मुळात आल्या कुठून आणि हे टायमिंग कुठे शिकल्या, सांगाल का?

उत्तर : आधी आईंना माझा नमस्कार सांगा. आणि बहिणीला सांगा की तुमचंच बरोबर आहे, आता का ते सांगतो.

रीमाताईंचं माहेरचं नाव नयन भडभडे. जन्म 21 जून 1958 चा, मुंबईतला. आई मंदाकिनी भडभडे स्वतः मराठी रंगभूमीवरच्या अभिनेत्री, म्हणजे तालीम, प्रयोग, मेकअपचा डबा हे सगळं घरातच. शाळा पुण्याची हुजूरपागा, तिथेच त्यांचा अभिनय लोकांच्या लक्षात आला. लागू हे आडनाव लग्नानंतरचं, पती विवेक लागू हेही नाटकातलेच. सिनेमातली आई वगैरे सगळं फार नंतर, त्याआधी त्या मराठी नाटकात पाय रोवून उभ्या होत्या. जयवंत दळवींच्या 'पुरुष'मधली अंबिका त्यांनी केली, समोर नाना पाटेकर. ते नाटक बघितलेल्या माणसाला विचारा, अंबिकेचं नाव काढलं की अजून गप्प होतो.

मी स्वतः त्यांना पहिल्यांदा बघितलं ते गडकरी रंगायतनला, 'सविता दामोदर परांजपे'मध्ये. बाल्कनीत मागच्या रांगेत बसलो होतो, मित्राबरोबर, मध्यंतरात वडा खायला मिळणार एवढ्यावर खूश. नाटकात त्या बाईच्या अंगात दुसरीच बाई येते. मागच्या रांगेतून चेहरा काय दिसणार, पण आवाज बदलला तो इतका जवळ आला की शेजारी बसलेल्या माझ्या मित्राने माझं मनगट धरलं. मध्यंतरात आम्ही वडा घेतला आणि बोललोच नाही, मसुंदा तलावाकडे बघत उभे राहिलो. हे मुद्दाम सांगतोय कारण पुढे जी बाई आपल्याला हसवणार होती ती आधी अशी घाबरवू शकत होती, दोन्हीला लागतं तेच, आवाजावर ताबा आणि कधी थांबायचं याची जाण.

आता 1994 हे साल बघा. ऑगस्टमध्ये 'हम आपके हैं कौन' आला, त्यात त्या माधुरी दीक्षितची आई. त्याच वर्षी दूरदर्शनवर 'श्रीमान श्रीमती', त्यात त्या कोकी. आणि त्याच वर्षी 'तू तू मैं मैं', त्यात सासू देवकी वर्मा. वय 36! आणि तिन्ही ठिकाणी बाई वेगळी. 'श्रीमान श्रीमती'मध्ये कोकीचा नवरा केशव कुलकर्णी शेजारच्या सिनेनटीवर, प्रेमा शालिनीवर लट्टू, आणि त्या नटीचा नवरा दिलरुबा कोकीवर लट्टू. म्हणजे ज्या बाईला सिनेमावाले 'आई' म्हणून बसवून मोकळे झाले होते तीच बाई टीव्हीवर अशी गृहिणी होती की शेजाऱ्याने तिच्यावर जीव टाकावा, आणि आपल्याला त्यात काही खोटं वाटलं नाही, अजूनही वाटत नाही.

तुम्ही आईंबरोबर बसाल तेव्हा एक करून बघा. रीमाताई बोलत असताना नाही, समोरचा बोलत असताना त्यांच्याकडे बघा. मी एकदा आवाज बंद करून अख्खा एपिसोड बघितलाय. 'तू तू मैं मैं'मधली सून, सुप्रिया पिळगावकरांची राधा, बोलत असते आणि देवकीचं उत्तर आधी डोळ्यांत तयार होतं, मग हनुवटी थोडी वर जाते, मग पदर सारखा होतो, आणि मग कुठे वाक्य येतं. वाक्य येईपर्यंत आपण अर्धे हसून झालेलो असतो. आपल्या पाळीची वाट बघत उभं राहणं वेगळं आणि ऐकणं वेगळं. हे ऐकणं नाटकातून येतं, तिथे समोरचा आज कसं वाक्य टाकेल आणि लोक कधी हसतील हे कालच्यासारखं नसतं, लाफ्टर आला की थांबायचं, ओसरायला लागला की पुढचं वाक्य उचलायचं. टीव्हीच्या सेटवर तो लाफ्टर समोर नसतो, तो मनात ऐकून पॉज घ्यावा लागतो. रीमाताईंचा पॉज कधी चुकला असं मला तरी आठवत नाही.

आणि दुसरं म्हणजे त्या विनोदी व्हायला जात नाहीत. 'श्रीमान श्रीमती'तला केशव म्हणजे जतीन कनाकिया (हे गुजराती रंगभूमीवरचे, फार गुणी माणूस, 1999 मध्येच गेले) हातवारे करणार, चेहरा करणार, प्रेमा झालेल्या अर्चना पूरनसिंग मोठ्याने हसणार, दिलरुबा झालेले राकेश बेदी भोळा होऊन बघत राहणार, या सगळ्यांच्या मध्ये कोकी मात्र खरोखरच्या घरात राहते. तिला चिडायचं असेल तर ती खरी चिडते. ती खरी चिडते म्हणून बाकीच्यांचा गोंधळ खरा वाटतो. ती पण त्यांच्यासारखीच उड्या मारायला लागली असती तर चार एपिसोडमध्ये कंटाळा आला असता.

देवकीची तर गोष्टच वेगळी, कारण सासू म्हटलं की एक तर छळणारी नाहीतर देव्हाऱ्यातली, मधलं काही नाहीच. सचिन पिळगावकरांनी ही सिरियल केली तेव्हा त्यांच्या हातात दोन अशा बायका होत्या की भांडण करमणुकीचं पण राहील आणि घर पण मोडणार नाही. सुप्रियाताई आणि रीमाताई यांच्या वयात जेमतेम नऊ वर्षांचं अंतर, तरी सासू-सून म्हणून कोणाला शंका आली नाही. आम्ही तेव्हा चरईत चाळीत राहायचो. शेजारच्या काकूंकडे टीव्ही, काकू पलंगावर आणि त्यांची सून उंबऱ्यापाशी लसूण सोलत बसलेली. देवकीने टोमणा मारला की सून मान खाली घालून लसणाकडे बघत हसायची, राधाने उलटून दिलं की काकू म्हणायच्या, "बघा बघा, आमच्याच घरातलं!" आणि एक दिवस दोघी एकाच वेळी हसल्या. काकूंनी सरकून पलंगावर जागा केली. त्यानंतर सून पलंगावर बसूनच लसूण सोलायची. एवढं मी डोळ्यांनी बघितलंय, म्हणून जाता जाता केलेलं काम असं कोणी म्हटलं की मला राहवत नाही.

प्रश्न (घणसोली) : मुलगी 19 वर्षांची, कॉलेजच्या एकांकिकेत असते. दरवेळी आई, आत्या, आजी असेच रोल मिळतात, यंदा घरी येऊन रडली. रीमा लागूंचं पण असंच झालं ना?

उत्तर : झालं, आणि फार लवकर झालं. 'कयामत से कयामत तक' 1988 चा, त्यात जुही चावलाची आई, तेव्हा रीमाताई तिशीच्या आसपास. पुढच्या वर्षी 'मैंने प्यार किया'त सलमानची आई, सलमान त्यांच्यापेक्षा साडेसात वर्षांनी लहान. 'वास्तव'मधला संजय दत्त तर फक्त एका वर्षाने लहान! आई म्हणून चार वेळा फिल्मफेअरचं नामांकन मिळालं, सहाय्यक अभिनेत्रीचं, पुरस्कार एकदाही नाही. मला हे अजून लागतं.

लेकीला दोन गोष्टी सांगा. एक, आईचा रोल मिळाला म्हणून कंबर वाकवायची नाही, आवाज थरथरवायचा नाही. रीमाताईंनी वय दाखवायला कधी पाठीचा आधार घेतला नाही. समोरच्या मुलाकडे बघण्यात ते वय होतं, म्हणजे हा जेवला का, हा खोटं बोलतोय का, असं बघणं. तिने घरात तुमच्याकडे नीट बघावं, सगळं तिथेच मिळेल. दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची, दिग्दर्शकाकडे जाऊन सरळ मागायचं की पुढच्या एकांकिकेत मला विनोदी काहीतरी द्या. शिक्का बसला की तो पुसायला कोणी येत नाही. रीमाताईंच्या बाबतीत टीव्ही मिळाला म्हणून आपल्याला ती बाई कळली, नाहीतर आपण पण बहिणीसारखंच म्हणत बसलो असतो (नौपाड्याच्या बहिणीने राग मानू नये).

प्रश्न (कळवा) : आधी 'श्रीमान श्रीमती' की आधी 'तू तू मैं मैं'? मिस्टरांशी पैज लागलीय.

उत्तर : दोन्ही 1994 मध्येच सुरू झाल्या. पैज बरोबरीत सोडवा आणि दोघं मिळून मामलेदारची मिसळ खाऊन या.

प्रश्न (वाशी) : त्या बँकेत होत्या हे खरं का? मी पण बँकेत आहे, हौशी नाटक करते, विष्णुदास भावेला आमचा प्रयोग झाला. आता नोकरी सोडावी असं फार वाटतंय.

उत्तर : खरं आहे. युनियन बँकेत त्या 1979 पासून साधारण दहा वर्षं होत्या. आंतरबँक स्पर्धांमधून पण काम करायच्या आणि त्याच काळात नाटक, सिनेमा, दूरदर्शनवरची 'खानदान' ही सिरियल, सगळं चालू होतं. 'कलयुग', 'आक्रोश' हे सिनेमे त्याच नोकरीच्या वर्षांतले. तेव्हा मुंबईत नाटकवाले बँकेत असणं ही नेहमीचीच गोष्ट होती, पगार नियमित, आणि स्पर्धांमुळे स्टेज पण सुटत नव्हतं.

तुम्हाला माझं मत हवंय म्हणून सांगतो, एका प्रयोगाच्या टाळ्यांवर राजीनामा देऊ नका. दोन-तीन वर्षं बाहेरच्या दिग्दर्शकांकडे तालमी करा, वाशीहून दादरला रात्री तालमीला जाऊन सकाळी काउंटरवर बसणं झेपतंय का ते बघा. दमूनसुद्धा तालमीला जावंसंच वाटत राहिलं तर मग पुन्हा पत्र लिहा, तेव्हा माझं उत्तर वेगळं असेल.

प्रश्न (ऐरोली) : शेवटी त्या आजारी होत्या का? आणि मराठीत टीव्हीवर काही केलं का?

उत्तर : 'नामकरण' नावाच्या हिंदी सिरियलमध्ये त्या काम करत होत्या, दयावंती मेहता, चांगलीच करारी आणि नकारात्मक भूमिका. 17 मे 2017 ला त्या शूटिंग करून घरी आल्या, रात्री छातीत दुखायला लागलं, हॉस्पिटलमध्ये नेलं आणि 18 तारखेच्या पहाटे गेल्या. वय 58. आदल्या संध्याकाळपर्यंत सेटवर होत्या. मी सकाळी ठाणे स्टेशनला लोकलची वाट बघत होतो, शेजारच्या माणसाने मोबाईलवर बातमी वाचली आणि ओळख ना देख, मला म्हणाला, "अहो, आपली कोकी गेली." सिनेमातलं कुठलं नाव नाही घेतलं त्याने.

मराठीत झी मराठीवर 2013 मध्ये 'तुझं माझं जमेना' होती, त्यात पुन्हा सासू.

प्रश्न (पाचपाखाडी, ठाणे) : आमच्या सोसायटीत ज्येष्ठ नागरिकांसाठी रीमाताईंवर दोन तासांचा कार्यक्रम करायचाय. प्रोजेक्टर आहे. काय आणि कोणत्या क्रमाने दाखवू?

उत्तर : सुरुवात 'तू तू मैं मैं'च्या एका एपिसोडने करा, सगळे उशिरा येणारच, मधूनच बघितलं तरी कळतं. मग पाच-दहा मिनिटं कोणालातरी 'पुरुष'बद्दल बोलू द्या, तुमच्यात नाटक बघितलेलं कोणी ना कोणी निघेलच, त्यांना आधी सांगून ठेवा म्हणजे चष्मा आणि आठवणी दोन्ही बरोबर आणतील. त्यानंतर 'वास्तव'मधला शेवटचा सीन, जिथे आईच मुलाला गोळी घालते. तो लावायच्या आधी सांगा, काही लोकांना सहन होत नाही, आणि तो संपल्यावर लगेच दिवे लावू नका, थोडा वेळ जाऊ द्या. मग चहा.

आणि चहानंतर 'श्रीमान श्रीमती'. लॉकडाऊनमध्ये 2020 ला दूरदर्शनने ती पुन्हा दाखवली तेव्हा खूप जणांनी बघितलेली असेल, तरी चालेल, एकाऐवजी दोन एपिसोड ठेवा. आवाज मोठा ठेवा कारण लोक हसायला लागले की पुढची वाक्यं बुडतात, आणि कोकीचं पुढचं वाक्य बुडलं तर मागच्या रांगेतल्या आजी ओरडतात, आमच्याकडे असंच झालं, दोनदा मागे नेऊन पुन्हा लावावं लागलं.