शेवटच्या रांगेतलं 'नाही'

प्रिय मुला,

अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र तीनदा वाचलं. नाटकासाठी नोकरीचा राजीनामा लिहून तयार आहे, तारीख तेवढी घालायची राहिलीय, असं तू म्हणतोस. आणि खाली पुरावा जोडावा तसं एक वाक्य : 'डॉ. लागूंनीही डॉक्टरकी सोडलीच होती ना?' उत्तराला आठ दिवस लागले, कारण नेमकं हेच वाक्य मी २४व्या वर्षी माझ्या वडिलांना ऐकवलं होतं.

नट श्रीराम लागूंनी डॉक्टरकी सोडली होती, खरं आहे. १९६९ साली. तेव्हा त्यांनी चाळिशी ओलांडली होती. कान-नाक-घशाचे सर्जन, कॅनडा-इंग्लंडला शिकून आलेले, टांझानियात प्रॅक्टिस केलेले. पण त्याच्या मागचं बघ. पुण्यात मेडिकलला असल्यापासून त्यांना नाटकाने धरलं होतं. १९५०च्या दशकाच्या सुरुवातीला भालबा केळकरांबरोबर पीडीए ही नाट्यसंस्था उभी केली आणि दिवसा पेशंट, रात्री तालीम असं वर्षानुवर्षं चाललं. म्हणजे डॉक्टरकी सुटली तेव्हा नाटक धरून वीसेक वर्षं होत आली होती. पुढच्याच वर्षी, २३ डिसेंबर १९७० रोजी, 'नटसम्राट'चा पहिला प्रयोग झाला. ४३ वर्षांच्या माणसाने थकलेला, घरातून उठवला गेलेला म्हातारा अप्पासाहेब बेलवलकर उभा केला. आपल्याला ती एका वर्षातली झेप दिसते आणि आपण राजीनामा लिहायला बसतो. वीस वर्षांच्या तालमी कुणी पाहिलेल्या नसतात.

आणि दुसरं टोक बघ. 'सामना' चित्रपटात लागूंच्या मास्तरांसमोर हिंदुराव पाटील म्हणून निळू फुले उभे आहेत. हा माणूस पुण्यातल्या लष्करी वैद्यकीय महाविद्यालयात माळीकाम करत होता आणि सेवादलाच्या कलापथकात लोकनाट्यं करत होता. लोकनाट्याच्या त्या तालमीतला नट १९७२ साली तेंडुलकरांच्या 'सखाराम बाइंडर' नाटकातला सखाराम होतो. एक सर्जन, एक माळी. दोघांनीही आधी पोट दुसऱ्या कामावर ठेवलं आणि नाटकाला पोट भरायला लावलं नाही. हे मला फार मोलाचं वाटतं. भूक लागलेला नट भूमिका निवडत नाही, भूमिका त्याला निवडतात, आणि त्यातल्या बऱ्याचशा निवडण्यालायक नसतात.

माझं सांगतो. मी तारीख घातली. वडील दोन महिने बोलले नाहीत. पहिल्याच दौऱ्यात एका निर्मात्याने अकरा प्रयोगांचे पैसे थकवले ते आजतागायत दिले नाहीत. पण त्याचं मला दुःख नाही. दुःख पुढच्याचं आहे. पैसे हवेत म्हणून मी त्याच महिन्यात तीन नाटकं घेतली. दुपारी एक, रात्री एक, मध्ये तिसऱ्याची तालीम. ओरडून ओरडून आवाज बसला तरी गरम पाणी पीत रेटत राहिलो. शेवटी स्वरयंत्रावर गाठी निघाल्या. डॉक्टरांनी मौन सांगितलं. कुजबुजायचंही नाही, त्यानेही घशावर ताण येतो. हातात पाटी-पेन्सिल घेऊन घरात बसलो. जे काम माझं नव्हतं त्याच्यासाठी मी आवाज खर्चून बसलो होतो, हे तेव्हा कळलं.

आवाजाचा विषय निघालाच आहे तर तुझ्या एकांकिकेबद्दल लिहितो. स्पर्धेत बक्षीस मिळालं, आनंद आहे. तू पोटातून श्वास घेतोस, शब्द स्वच्छ आहेत. पण वाक्याचा शेवट गिळतोस. मी सतराव्या रांगेत होतो. तू बापाला म्हणालास, 'मी या घरातून जाणार नाही.' मला ऐकू आलं, 'मी या घरातून जाणार.' पुढची पाच मिनिटं मी वेगळंच नाटक पाहत होतो. आपल्या भाषेत क्रियापद शेवटी येतं आणि नकार त्याच्याही शेवटी. सगळा अर्थ शेपटाला बांधलेला, आणि तिथपर्यंत पोचता पोचता नटाचा श्वास संपलेला असतो. त्यासाठी ओरडू नकोस. श्वास वाक्याच्या शेवटाचा हिशेब करून घे. रोज वर्तमानपत्राचा अग्रलेख उभ्याने मोठ्याने वाच आणि प्रत्येक वाक्याच्या शेवटच्या दोन अक्षरांवर कान ठेव. सहा महिने कर. कंटाळवाणं आहे, मला माहीत आहे.

कॅमेऱ्यासमोर ही खोड झाकली जाते. माईक कॉलरलाच लावलेला असतो, तू पुटपुटलास तरी चालतं, उलट बरं दिसतं. म्हणून दोन वर्षं मालिका करून रंगमंचावर परतलेली मुलं तिसऱ्या रांगेपर्यंतसुद्धा पोचत नाहीत. तरी मालिका करू नकोस असं मी म्हणणार नाही. शूटिंगमध्ये शेवटचा सीन पहिल्या दिवशी द्यावा लागतो, चार दिवसांनी त्याच्या आधीचा. कप कोणत्या हातात होता, रडून डोळे किती लाल झाले होते, हे डोक्यात धरून ठेवावं लागतं. तीही विद्याच आहे. लागूंनी हिंदीत शंभरावर चित्रपट केले, त्यात वडील आणि वकील किती असतील! पण त्याच माणसाने 'पिंजरा' केला, 'सिंहासन' केला, आणि रंगमंच कधी सोडला नाही. १९९९ साली, सत्तरी ओलांडल्यावर, सॉक्रेटिस म्हणून उभे राहिले. तू मालिका खुशाल घे. फक्त घराचा हप्ता तिच्या भरवशावर ठेवू नकोस. तुझा ट्रॅक, म्हणजे मालिकेतली तुझी गोष्ट, केव्हा बंद होईल हे तुला सेटवर गेल्यावर कळतं.

पहिल्या प्रयोगाची भीती तू विचारलीस. ती जाते. माझ्या लेखी खरी परीक्षा साठाव्या प्रयोगाला असते. एका नाटकात मी धाकटा दीर होतो. नवरा गेलेली वहिनी दारात उभी राहून विचारायची, 'कधी निघणार?' आणि मी म्हणायचो, 'उद्या पहाटे.' साठ प्रयोग हेच. एके रात्री बाईंची जीभ चुकली आणि त्यांनी विचारलं, 'कुठे निघालात?' मी मान खाली घालून, आवाजात योग्य तेवढा ओलावा आणून म्हणालो, 'उद्या पहाटे.' नाट्यगृह हसलं. ज्या जागी रोज सन्नाटा असायचा तिथे हसलं. विंगेत आल्यावर बाई रागावल्या नाहीत. पदराने कपाळ टिपत एवढंच म्हणाल्या, 'चुकले मी. पण तू माझं ऐकतच नव्हतास रे.' किती प्रयोगांपासून ऐकत नव्हतो, ते मला आजही सांगता यायचं नाही. त्यानंतर मी एक सवय लावून घेतली. एंट्रीच्या आधी विंगेत माझं वाक्य घोकत नाही, समोरच्याचं ऐकत उभा राहतो.

लागूंनी आत्मचरित्राला 'लमाण' हे नाव दिलं, इकडचा माल तिकडे पोचवणारा. नटसम्राट म्हणून ज्याला लोकांनी डोक्यावर घेतलं, त्याने स्वतःला हे नाव घ्यावं! बेलवलकर त्यांच्यानंतर दत्ता भटांनी केला, सतीश दुभाषींनी केला, यशवंत दत्तांनी केला. माल तोच, वाहणारे वेगळे. तुझ्या पत्रात 'माझी ओळख', 'माझी जागा' हे शब्द सात वेळा आलेत. मी मोजले. त्यात गैर काही नाही, तुझ्या वयात माझ्याही वहीत तेच होते. पण एकदा तरी लिही की तुला कोणतं नाटक करायचंय, कुणाचे शब्द वाहायचेत. ते पत्र मला हवंय.

राजीनाम्याचं म्हणशील तर अजून दोन वर्षं तारीख घालू नकोस. संध्याकाळच्या तालमी धर. राज्य नाट्य स्पर्धेला उभा राहा. प्रायोगिकवाल्यांकडे छोटं काम माग, नाही मिळालं तर प्रॉम्प्टिंग कर, नेपथ्य उचल. रजा सगळ्या प्रयोगांना वापर. दोन वर्षांनीही छाती अशीच धडधडत असेल तर मीच येईन तुझ्या आईशी बोलायला.

येत्या रविवारी आमचा दुपारचा प्रयोग आहे, तुझं तिकीट मी काढून ठेवलंय. शेवटची रांग, कोपऱ्यातली खुर्ची. दुसऱ्या अंकात मुलगी घर विकायचं का विचारते आणि मी म्हणतो, 'माझी हरकत नाही.' वयाने माझाही श्वास आता आखूड झालाय. ते 'नाही' तुझ्यापर्यंत आलं की नाही, ते प्रयोग संपल्यावर रंगपटात येऊन मला खरं खरं सांग.

तुझा,
काका