जुनी झूम लेन्स घेताना चारही कोपरे पाहा

प्रश्न : माझ्याकडे डिजिटल एसएलआर कॅमेरा आणि त्यासोबत आलेली १८-५५ मिलिमीटरची लेन्स आहे. कासची फुले आणि मायणीच्या तलावावरचे पक्षी टिपण्यासाठी वापरलेली ७०-३०० घ्यावी, की एकच १८-३०० घ्यावी? विकणारे गृहस्थ लेन्स दोन दिवस घरी ठेवू देणार आहेत. ती कशी पारखावी?
– एक वाचक, सातारा

उत्तर : लेन्सवरचे आकडे तिची फोकल लांबी सांगतात; आकडा मोठा तितके दूरचे जवळ दिसते. १८-३०० मध्ये लांबचे टोक जवळच्या टोकाच्या जवळजवळ सतरापट असते, तर ७०-३०० मध्ये चौपटीहून थोडेच अधिक. एवढा पल्ला एका लेन्समध्ये बसवताना ज्या तडजोडी कराव्या लागतात, त्या बहुधा ३०० च्या बाजूला दिसतात, आणि पक्ष्यांसाठी तुम्हाला तीच बाजू लागणार आहे. पठारावरच्या वाऱ्यापावसात लेन्स बदलावी लागत नाही, ही १८-३०० ची सोय खरी आहे. तरीही १८-५५ हाताशी असताना मी ७०-३०० च सुचवीन. मात्र अनेक ७०-३०० लेन्स एक-दीड मीटरच्या अलीकडे फोकस करत नाहीत, म्हणून कासवरच्या ‘सीतेची आसवे’सारख्या इवल्या फुलांसाठी तुमची १८-५५ च बरी.

आता पारख. वर्तमानपत्राचे जोडपान भिंतीवर सपाट चिकटवा. कॅमेरा ट्रायपॉडवर ठेवून ७० ला सुमारे २ मीटरवरून आणि ३०० ला सुमारे ८ मीटरवरून फोटो घ्या. एवढे अंतर घरात मिळत नसेल तर अंगण किंवा गच्ची चालेल. कॅमेरा भिंतीला समांतर हवा. त्यासाठी पानाच्या मध्यावर लहान आरसा सपाट टेकवा आणि लेन्सचे प्रतिबिंब फोटोच्या चौकटीच्या बरोबर मध्यभागी येईपर्यंत कॅमेरा सरकवा, मग आरसा काढा. स्टॅबिलायझेशन (हाताचा कंप सावरणारी सोय) बंद करून, लाइव्ह व्ह्यूमध्ये, म्हणजे मागच्या पडद्यावर पाहत, मध्यावर फोकस साधून, दोन सेकंदांच्या टायमरने एक फोटो पूर्ण उघड्या अॅपर्चरला (प्रकाश आत घेणाऱ्या छिद्राला) आणि एक ते छिद्र लहान करून एफ/८ ला घ्या.

फोटो संगणकावर पूर्ण आकारात पाहताना केवळ मध्यभागावर समाधान मानू नका. उघड्या अॅपर्चरला चारही कोपरे सारखेच मऊ, म्हणजे किंचित अस्पष्ट, असून एफ/८ ला सुधारत असतील, तर ते स्वाभाविक आहे. एकच कोपरा किंवा एकच बाजू धूसर असेल, तर कॅमेरा उलटा करून तोच फोटो पुन्हा घ्या. धूसरपणा चौकटीच्या त्याच कोपऱ्यात राहिला, तर लेन्समधील भिंग आपल्या जागेवरून सरकलेले असण्याचा संभव मोठा आहे, आणि अशी लेन्स परत करावी. तो कागदाच्या त्याच बाजूला राहिला, तर चूक तुमच्या मांडणीची आहे.

शेवटी मागच्या बाजूने टॉर्च मारून पुढून आत पाहा. धुळीचे चार कण फोटोत दिसत नाहीत. कोळ्याच्या जाळ्यासारखे तंतू दिसले, तर ती बुरशी होय. साताऱ्याच्या पावसाळी हवेत ती पसरत जाते, म्हणून किंमत कितीही उतरवली तरी ती लेन्स घेऊ नये.