पाटल्या तुमच्या, पावती कोणाच्या नावाची?

अमळनेरहून एका ताईंचं पत्र आलंय. वय 42, बी.एस्सी. केमिस्ट्री, फर्स्ट क्लास. एम.एस्सी.चं एक वर्ष झालं, लग्न ठरलं आणि पुस्तकं माहेरच्या माळ्यावर गेली. त्या लिहितात, ‘दादर ज्वारीच्या भाकरी थापताना अजूनही मनात आवर्तसारणी म्हणते. पोटॅशियमपर्यंत येते तोवर भाकर उलटायची वेळ होते.’ आता बी.एड. करायचंय. दोन वर्षांचा खर्च 1 लाख 10 हजार. मुलीच्या लग्नासाठी ठेवलेली 1 लाख 80 हजारांची एफडी मोडू का, घरच्यांचा पैसा स्वतःच्या हौसेवर घालणं बरं दिसेल का, असं त्यांनी विचारलंय.

ताई, ‘घरच्यांचा’ कसा? 2021 मध्ये जळगावच्या सराफ बाजारात माहेरच्या चार तोळ्यांच्या पाटल्या मोडल्या आणि एफडी यजमानांच्या नावे केली, हे तुम्हीच लिहिलंय. स्त्रीधनावर मालकी बाईचीच, हे सर्वोच्च न्यायालयाने 1985 मध्येच सांगितलंय. पावतीवर नाव बदललं म्हणून पाटल्या दुसऱ्याच्या होत नाहीत.

पण मला घोर लागलाय तो वेगळाच. नात्यातल्या एजंटाने तुमच्या नावावर वर्षाला 48 हजारांची, वीस वर्षांची पॉलिसी गळ्यात मारलीय. सात हप्ते गेले, म्हणजे 3 लाख 36 हजार. विमा 8 लाखांचा, शेवटी ‘17 लाख मिळतील’ हे तोंडी. हा परतावा जेमतेम सव्वापाच टक्के. पीपीएफमध्ये आजच्या 7.1 टक्क्यांनी तेच हप्ते 21 लाखांवर गेले असते. आणि महागाई सहा टक्के धरली, तर तेरा वर्षांनी 17 लाखांची किंमत आजच्या 8 लाखांएवढी असेल. याला मुलीचं भविष्य म्हणून विकतात, याची मला चीड येते.

त्याहून वाईट म्हणजे कृषी केंद्र चालवणारे, 9 लाखांचं कर्ज घेतलेले यजमान. त्यांच्या जिवावर रुपयाचाही विमा नाही! उद्या काही झालं तर बँक आधी तुमच्या दारात येईल. त्यांच्या नावे 50 लाखांचा टर्म विमा, म्हणजे फक्त मृत्यू झाला तरच पैसे देणारा विमा घ्या, साधारण 15 हजार हप्ता पडेल. तो 1874 च्या विवाहित स्त्रियांच्या मालमत्ता कायद्याखाली घ्या, म्हणजे ते पैसे तुम्हाला आणि मुलांनाच मिळतील, सावकाराचा हात पोचणार नाही. तो मंजूर झाला की जुनी पॉलिसी पेड-अप करा, म्हणजे पुढचे हप्ते बंद आणि विमा कमी रकमेवर चालू. 8 लाखांचा विमा 2 लाख 80 हजारांवर येईल, जमा बोनस राहील. येऊ द्या.

आता हिशेब. 48 मधून 15 गेले, वर्षाला 33 हजार सुटले, दोन वर्षांत 66. एफडीतून फक्त 44 हजार लागतील.

‘बी.एड. झालं की 40 हजारांची नोकरी’ हे मात्र डोक्यातून काढा. शिक्षक भरतीला वयाची अट साधारण खुल्या प्रवर्गाला 38, मागासवर्गीयांना 43. तुम्ही पास व्हाल तेव्हा 44 च्या असाल. खासगी शाळेत 10 हजार धरा. तरीही करा. 11 महिन्यांत खर्च वसूल होतो, आणि वर्गात फळ्यापुढे उभं राहायची तुमची ओढ पानापानावर दिसते. अकरावी-बारावीच्या शिकवणीला तर बी.एड.ही लागत नाही. दहा मुलं, 800 रुपये महिना, ओसरीवर याच जूनपासून बसवा.

एफडी पुढच्या महिन्यात संपतेय. बँकेत दोघं मिळून जा. 44 हजार तुमच्या खात्यात घ्या, उरलेल्याची नवी पावती करा आणि तिच्यावर पहिलं नाव तुमचं घाला.