आजच्या काळात ऐंशीच्या दशकातलं हार्ड रॉक वाजवणं म्हणजे जुन्याची नक्कलच नाही का?

तुम्ही गंगटोकच्या गिरीश अँड द क्रॉनिकल्स ह्या हार्ड रॉक बँडचं नाव घेतलंय आणि पुढे विचारलंय, की आम्ही कॉलेजात असा बँड काढला तर ऐकणार कोण? मी खरं तर उत्तरं लिहीत नाही. पण 'नक्कल' हा शब्द वाचला आणि राहवेना.

हाच शब्द मी 2005 साली पुण्यात ऐकला. सदाशिव पेठेतलं एक तळघर, भिंतींना अंड्यांचे ट्रे चिकटवलेले, तासाला दीडशे रुपये. मी गायचो, तेच ऐंशीच्या दशकातलं हार्ड रॉक. वरच्या पट्टीत माझा आवाज मोकळा लागायचा, तीच माझी एकमेव कमाई. पण तेव्हा आमच्या स्पर्धांमध्ये मेटलची, म्हणजे हार्ड रॉकहून जड आणि कर्कश संगीताची लाट होती, टाळ्या घ्यायचा तो ग्रोल करणारा, म्हणजे घशातून गुरगुरत गाणारा. आमचा ड्रमर माझा शाळेपासूनचा मित्र. त्यानं गाणं मध्येच थांबवलं, काठ्या स्नेअर ड्रमवर आडव्या ठेवल्या आणि म्हणाला, "हे किंचाळणं बंद कर. मेलेल्या संगीताची नक्कल आहे ही. गुरगुर, नाहीतर दुसरा बघतो."

मी गुरगुरलो. तीन आठवडे. चौथ्या आठवड्यात घसा असा बसला, की स्वयंपाकघरातल्या आईला हाक मारता येईना. ज्येष्ठमध झालं, वाफा झाल्या, महिनाभर मौन झालं. आवाज आला, वरचे दोन सूर आले नाहीत ते नाहीतच. बँडनं दुसरा गायक घेतला.

आणि 2009 साली, म्हणजे त्या 'मेलेल्या' संगीताला चार वर्षं होऊन गेल्यावर, गंगटोकमध्ये गिरीश प्रधाननं हा बँड उभा केला. बास गिटारवर त्याचा भाऊ योगेश. तिकडे ईशान्येत हार्ड रॉक कधी मेलंच नव्हतं. 2007 साली स्कॉर्पियन्ससारखा जर्मन हार्ड रॉक बँड, तेही शिलाँगला येऊन वाजवून गेला तो उगाच नाही. गिरीशच्या बँडचा 2014 साली पहिला अल्बम, 2020 साली दुसरा, आणि 2022 चा 'हेल टू द हीरोज' तर इटलीच्या फ्रंटियर्स ह्या रेकॉर्ड कंपनीनं काढला.

नक्कल म्हणाल तर ऐका. डिस्टॉर्शन, म्हणजे गिटारच्या आवाजाची खरखर, इतकंच, की कॉर्डमधली एकेक तार कळावी. गिटारचा पुन्हापुन्हा येणारा तुकडा, म्हणजे रिफ, वाजतो आणि गायकासाठी जागा सोडून बाजूला होतो. सगळा डोलारा गळ्यावर. ही गाण्याची रीत आहे. किराणा घराण्याचा गायक किराणा घराण्यासारखा गायला तर त्याला आपण नक्कल म्हणतो का? आणि हे परकंही नाही. मुंबईत 1984 पासून रॉक मशीन हा बँड होता, गिटारवर महेश तिनईकर, आणि 1988 साली त्यांनी स्वतःच्या गाण्यांचा अल्बम काढला.

ऐकणार कोण? फार जण नाही ऐकणार. पण गायक खरा असेल तर काढाच. त्याला झेपत नसेल तर सगळी वाद्यं अर्धा सूर खाली उतरवा, त्यात कमीपणा नाही, मोठमोठे बँड करतात. मात्र त्याला आवाज बदलायला सांगू नका. मित्र म्हणून सांगत असाल तर मुळीच नका.

दोन गोष्टी राहिल्या. ग्रोल रीतसर शिकून केलं तर घसा जात नाही, मला शिकवणारं कोणी नव्हतं. आणि ह्या बँडचे शब्द मला सुरांइतके आवडत नाहीत, तुम्ही तरी स्वतःचं काही म्हणा.

त्यांचं 'प्रायमीव्हल डिझायर' हे गाणं आलं त्याच रात्री मी ते माझ्या त्या ड्रमर मित्राला पाठवलं. त्याचा लगेच फोन आला, गिरीशच्या आवाजावर तो खूश होता, दोनदा ऐकलं म्हणाला. मी तळघरातल्या त्या दिवसाचा विषय काढला. त्याला काहीच आठवत नव्हतं.