वाचकांचे प्रश्न : ब्लूटूथ दिसते, पण चालत नाही

प्रश्न : सांगलीच्या मार्केट यार्डातील एका अडत दुकानात मी दिवाणजी आहे. दुकानातील लॅपटॉपवर विंडोज १० होते. कंपनीने १४ ऑक्टोबर २०२५ पासून त्याचा नेहमीचा पाठिंबा थांबवला, आणि हा जुना लॅपटॉप विंडोज ११ स्वीकारत नाही. म्हणून माझ्या भाच्याने त्याच्याकडच्या एका जुन्या पेनड्राइव्हवरून डेबियन ११ ही लिनक्स प्रणाली बसवून दिली. हिशेबाचे काम आणि मराठी टायपिंग उत्तम चालते. मात्र हळदीचे सौदे झाल्यावर शेतकऱ्यांना द्यायच्या पट्ट्या छापणारा छोटा ब्लूटूथ प्रिंटर काही केल्या जोडला जात नाही. ब्लूटूथचे बटण चालू होते, पण उपकरणांची यादी रिकामीच राहते. दुकानात इंटरनेट केबलने येते. दुरुस्तीसाठी दाखवले असता ब्लूटूथचे कार्ड बदलावे लागेल असे सांगण्यात आले. भाच्याने टर्मिनलवर, म्हणजे आज्ञा टाइप करण्याच्या खिडकीत, आलेल्या ओळींचा फोटो काढला आहे, तो सोबत पाठवत आहे. काय करावे?
— एक वाचक, सांगली

उत्तर : कार्ड बदलू नका. आपण पाठवलेल्या फोटोतच कारण लिहिलेले आहे, आणि तो फोटो काढण्याचे आपल्या भाच्याला सुचले हे फार बरे झाले, कारण ‘ब्लूटूथ चालत नाही’ एवढ्यावरून खात्रीचे निदान कोणालाच करता येत नाही. फोटोतली कामाची ओळ अशी आहे : कर्नलने, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याने, ‘आरटीएल_बीटी’ या फोल्डरमधली ‘आरटीएल८८२१सी_एफडब्ल्यू.बिन’ ही फाइल मागितली आणि ती मागणी ‘एरर -२’ असा शेरा मिळून फसली. उणे दोन याचा लिनक्समधला अर्थ ठरलेला आहे : त्या नावाची फाइल किंवा फोल्डर जागेवर नाही. म्हणजे रिअलटेक कंपनीची चिप कर्नलला सापडली, तिने आपली ओळख सांगितली, तिला कोणती फाइल लागते हेही कर्नलला कळले. फक्त ती फाइल आपल्या लॅपटॉपमध्ये नाही. चिप जळालेली असती तर गोष्ट इथपर्यंत आलीच नसती.

ही फाइल म्हणजे फर्मवेअर. ड्रायव्हर आणि फर्मवेअर यांची गल्लत फार वेळा होते, म्हणून थोडे विस्ताराने सांगतो. ड्रायव्हर लॅपटॉपच्या मुख्य प्रोसेसरवर, कर्नलचा भाग म्हणून चालतो. लिनक्समध्ये तो खुला असतो आणि बहुधा आधीपासून सोबत आलेला असतो. फर्मवेअर मात्र ब्लूटूथच्या चिपमध्ये स्वतःचा जो लहानसा प्रोसेसर असतो त्याच्यावर चालते, आणि ते चिप बनवणाऱ्या कंपनीकडून तयार फाइलच्या रूपात येते. त्याचा मूळ मजकूर सहसा कोणाला पाहायला मिळत नाही. रिअलटेकच्या या चिपमध्ये प्राथमिक फर्मवेअर कायमचे कोरलेले असते आणि त्यातील दुरुस्त्या प्रत्येक वेळी लॅपटॉप सुरू होताना तिच्या तात्पुरत्या स्मृतीत भराव्या लागतात. दुरुस्त्यांची फाइल मिळाली नाही तरी ड्रायव्हर चिपला नाकारतोच असे नाही. कोरलेल्या जुन्या फर्मवेअरवर ती अर्धवट उभी राहते. त्यामुळेच आपल्याकडे बटण चालू होते, अ‍ॅडॅप्टरचे नाव दिसते आणि तरीही प्रिंटर सापडत नाही. इंटेलच्या बहुतेक नव्या कार्डांत असे होत नाही. तिथे फर्मवेअर मिळाले नाही तर अ‍ॅडॅप्टर दिसतच नाही, आणि निदान माणूस फसत तरी नाही.

आता फाइल गेली कुठे? ती गेली नाही, आलीच नव्हती. डेबियन प्रकल्पाने पुष्कळ वर्षे असा नियम पाळला की ज्याचा मूळ मजकूर खुला नाही ते सॉफ्टवेअर अधिकृत इन्स्टॉलेशन संचात ठेवायचे नाही. तत्त्व म्हणून ते स्वच्छ होते, पण नवा लॅपटॉप घेऊन बसलेल्या माणसाला त्याचा जाच व्हायचा. अखेर २०२२ मध्ये प्रकल्पाच्या सदस्यांनी मतदान करून हा नियम शिथिल केला आणि जून २०२३ मध्ये आलेल्या डेबियन १२ पासून आवश्यक फर्मवेअर इन्स्टॉलेशन संचातच मिळू लागले. आपल्या भाच्याचा पेनड्राइव्ह त्याआधीच्या आवृत्तीचा आहे. आणखी एक अंदाज वर्तवतो : आपल्या लॅपटॉपचे वाय-फायही बंदच असणार. त्याच्या आणि ब्लूटूथच्या फाइली डेबियनमध्ये एकाच पॅकेजातून येतात. दुकानात केबल असल्यामुळे वाय-फायची उणीव जाणवली नाही, इतकेच.

उपाय करताना एक लक्षात ठेवावे की येथे आज्ञा देवनागरीत छापल्या असल्या तरी टर्मिनलमध्ये त्या रोमन लिपीत, लहान अक्षरांत लिहायच्या आहेत. प्रथम ‘सुडो नॅनो /ईटीसी/एपीटी/सोर्सेस.लिस्ट’ या आज्ञेने, सॉफ्टवेअर कोठून आणायचे याची यादी असलेली ती फाइल उघडा. (इन्स्टॉल करताना रूटचा, म्हणजे सर्वाधिकार असलेल्या खात्याचा, वेगळा पासवर्ड दिलेला असल्यास डेबियनमध्ये ‘सुडो’ चालत नाही, तेव्हा आधी ‘एसयू’, एक जागा सोडून आडवी रेघ, असे लिहून रूट व्हावे आणि पुढच्या आज्ञा ‘सुडो’शिवाय द्याव्यात.) फाइलमध्ये ‘डेब’ने सुरू होणाऱ्या ज्या ओळींच्या शेवटी ‘मेन’ हा शब्द आहे, त्यांच्यापुढे एकेक जागा सोडून ‘कॉन्ट्रिब’ आणि ‘नॉन-फ्री’ हे शब्द जोडा. पेनड्राइव्हवरून इन्स्टॉल केल्यामुळे सुरुवातीला ‘सीडीरॉम’ असा उल्लेख असलेली एखादी ओळ उरलेली असते; तिच्या आरंभी हॅशचे चिन्ह टाकून ती निष्क्रिय करा, नाही तर पुढे यंत्र नसलेली डिस्क मागत बसेल. फाइल जतन करून ‘सुडो एपीटी अपडेट’ आणि त्यानंतर ‘सुडो एपीटी इन्स्टॉल फर्मवेअर-रिअलटेक’ या आज्ञा द्या. हव्या त्या फाइली ‘/लिब/फर्मवेअर’ या फोल्डरखाली आपोआप जागेवर जातील. फर्मवेअरच्या सुट्या फाइली कुठल्याही अनोळखी ठिकाणाहून उतरवून हाताने त्या फोल्डरमध्ये टाकण्याचा सल्ला आपल्याला कोणी दिला तर तो मानू नये. चिपवर काय चालते आहे हे आपल्याला दिसत नसताना फाइल तरी खात्रीच्या भांडारातून आलेली असावी.

यापुढची पायरी बहुतेक जण गाळतात. लॅपटॉप नुसता रीस्टार्ट करू नका. रीस्टार्टमध्ये कार्डाचा वीजपुरवठा पूर्ण तुटत नाही आणि चिप आधीच्याच अवस्थेत राहू शकते. लॅपटॉप पूर्ण बंद करा, चार्जर काढा, बॅटरी सुटी होणारी असेल तर तीही काढा, आणि पॉवरचे बटण अर्धा मिनिट दाबून धरा. मग सुरू करून ‘सुडो डी-एम-ई-एस-जी’ ही आज्ञा द्या आणि ब्लूटूथच्या ओळी पाहा. ‘एरर -२’ची ओळ गेलेली असेल आणि तिच्या जागी ‘एफडब्ल्यू व्हर्जन’ असे शब्द आणि पुढे एक आकडा दिसेल. तो आकडा कोणता आहे याला महत्त्व नाही. तो आला म्हणजे फर्मवेअर चिपमध्ये उतरले.

समजा उणे दोनऐवजी उणे ११० दिसले, तर तो प्रश्न वेगळा आहे. त्याचा अर्थ चिपने ठरलेल्या वेळेत उत्तर दिले नाही. अशा वेळी पॅकेजे बदलण्याआधी वर सांगितलेला पूर्ण वीज तोडण्याचा उपाय पुन्हा करून पाहावा. आणि नोंदीत काहीच तक्रार नसताना ब्लूटूथ सुरूच होत नसेल तर ‘आर-एफ-किल लिस्ट’ ही आज्ञा द्यावी. तीत ‘सॉफ्ट ब्लॉक्ड’समोर ‘येस’ असेल तर ‘आर-एफ-किल अनब्लॉक ब्लूटूथ’ पुरेसे होते. ‘हार्ड ब्लॉक्ड’समोर असेल तर लॅपटॉपच्या कडेचे बटण किंवा विमानाचे चित्र असलेली कळ पाहावी लागते.

प्रिंटर दिसू लागल्यावर तो जोडताना पिन विचारली जाईल. अशा लहान प्रिंटरांची ती बहुधा ०००० किंवा १२३४ असते. जोडणी झाली म्हणजे छपाई लगेच सुरू होईल असे मात्र नाही. लिनक्सच्या छपाई व्यवस्थेला ब्लूटूथवरून बोलता यावे यासाठी ‘ब्लूझ-कप्स’ नावाचे वेगळे पॅकेज आहे, तेही त्याच भांडारातून बसवून घ्यावे. पुढे सवडीने डेबियन १२ वर जाणार असाल तर तिथे फर्मवेअर ‘नॉन-फ्री’ विभागातून काढून ‘नॉन-फ्री-फर्मवेअर’ या नव्या विभागात ठेवले आहे, तेव्हा फाइलमध्ये ते नाव जोडावे. जुनेच नाव ठेवले तर आहे ते फर्मवेअर चालू राहते, पण त्याच्या पुढच्या दुरुस्त्या मिळणे बंद होते.

प्रश्न : माझ्या डेस्कटॉपला ब्लूटूथ नसल्याने साताऱ्यात राजवाड्याजवळच्या एका दुकानातून स्वस्तातला यूएसबी डोंगल घेतला. उबुंटू २४.०४ या लिनक्स प्रणालीवर तो ओळखला जातो, पण हेडफोनचा आवाज तुटतो आणि मधूनच जोडणी सुटते. यूएसबीच्या यादीत ‘०ए१२:०००१’ असा क्रमांक येतो. याचे फर्मवेअर कोठे मिळेल?
— एक निवृत्त शिक्षिका, सातारा

उत्तर : मिळणार नाही, आणि शोधूही नये. हा क्रमांक केंब्रिज सिलिकॉन रेडिओ या ब्रिटिश कंपनीच्या चिपचा आहे. ही कंपनी २०१५ मध्ये क्वालकॉमने विकत घेतली. तिची मूळ चिप चांगली होती, इतकी की तिच्या नकला निघाल्या आणि त्या नकलाही हाच क्रमांक सांगतात. अस्सल असो वा नक्कल, या चिपला लिनक्सकडून कोणतीही फाइल द्यावी लागत नाही, त्यामुळे हा फर्मवेअर नसल्याचा प्रश्न नाही. नकला ओळखून त्यांच्याशी सांभाळून वागण्याची सोय कर्नलमध्ये करून ठेवलेली आहे, पण त्या इतक्या परींच्या आहेत की काही सुटतातच.

डोंगल टाकून देण्याआधी एक साधा प्रयोग मात्र करावा. तो निळ्या रंगाच्या, म्हणजे यूएसबी ३ च्या पोर्टात किंवा अशा पोर्टातल्या पेनड्राइव्हच्या शेजारी लावला असेल, तर तिथून काढून यूएसबीच्या लहानशा एक्स्टेंशन केबलने दूर न्यावा. ब्लूटूथ २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात चालते आणि यूएसबी ३ च्या वाहिनीवरून माहिती जाताना त्याच पट्ट्यात गोंगाट होतो. इंटेलने २०१२ मध्येच हे मोजून प्रसिद्ध केले आहे. एवढ्याने आवाज सुधारला तर खर्च वाचला. नाही सुधारला तर रिअलटेकची ‘८७६१बीयू’ चिप असलेला डोंगल घ्यावा. त्याला फर्मवेअर लागते, पण उबुंटूच्या ‘लिनक्स-फर्मवेअर’ या पॅकेजात ते आहे आणि हे पॅकेज आपल्या यंत्रावर बसलेलेच असणार. दुकानदाराला डब्यावर ‘ब्लूटूथ ५’ लिहिले आहे का असे विचारण्यापेक्षा चिप कोणती आहे असे विचारावे. सांगता आले नाही तर पसंत न पडल्यास परत घेण्याच्या बोलीवर घ्यावा.

प्रश्न : लॅपटॉपवर विंडोज ११ आणि लिनक्स मिंट दोन्ही आहेत. विंडोज बंद करून मिंट सुरू केले की कधी कधी ब्लूटूथ गायब असते, आणि असते तेव्हा माउस नव्याने जोडावा लागतो. फर्मवेअर बिघडले आहे का?
— एक विद्यार्थी, वाई

उत्तर : या दोन वेगळ्या तक्रारी आहेत. पहिलीचे कारण बहुधा विंडोजमधील ‘फास्ट स्टार्टअप’ हे असते. ते चालू असताना ‘शट डाउन’ म्हटले तरी विंडोज पूर्ण बंद होत नाही, यंत्राची अवस्था डिस्कवर लिहून झोपी जाते, आणि कार्ड विंडोजने ठेवले त्याच स्थितीत मिंटच्या हाती येते. कंट्रोल पॅनेलच्या ‘पॉवर ऑप्शन्स’मध्ये जाऊन ते बंद करावे.

दुसरी तक्रार फर्मवेअरची नाहीच. माउस जोडताना दोन्ही बाजूंनी एक गुप्त किल्ली जतन केली जाते. मिंट आणि विंडोज यांचा अ‍ॅडॅप्टर एकच, त्यामुळे पत्ताही एकच. पण किल्ल्या वेगवेगळ्या. मिंटमध्ये जोडले की माउस विंडोजची किल्ली विसरतो आणि उलटही तसेच होते. विंडोजच्या रजिस्ट्रीतली किल्ली काढून मिंटच्या ‘/व्हार/लिब/ब्लूटूथ’ या फोल्डरमध्ये हाताने लिहिता येते, पण एका माउससाठी तो खटाटोप मी सुचवणार नाही. माउसच्या खालच्या बाजूला एक, दोन, तीन असे उपकरण निवडण्याचे बटण असेल तर एक क्रमांक विंडोजला आणि दुसरा मिंटला देऊन टाकावा.