स्वसंरक्षणासाठी कोरियात तेक्योन शिकावं की हापकिडो?

तुम्ही शिक्षणासाठी सोलला जाताय, तिथे एखादी पारंपरिक कोरियन युद्धकला शिकायची आहे आणि ती प्रसंगी खरंच उपयोगी पडावी अशी अपेक्षा आहे, असं तुम्ही लिहिलंय. मी सोलमध्ये राहत असताना तेक्योन शिकले, हापकिडोच्या वर्गालाही काही काळ गेले. माझं मत तेक्योनच्या बाजूने आहे. पण त्यातून काय मिळतं आणि काय मिळत नाही, हे आधी माहीत असलेलं बरं.

पहिल्या दिवशी तुम्हाला लाथ मारायला शिकवणार नाहीत. शिकवतील पुमबाप्गी, म्हणजे त्रिकोणात टाकायची पावलं. एक पाय पुढे, परत जागेवर, मग दुसरा. गुडघे सैल, कंबर लयीत हलती, तोंडाने 'ईक्, एक्' असे हुंकार. बघणाऱ्याला हा नाच वाटतो आणि कित्येक जण इथेच कंटाळून सोडून देतात. पण सगळी विद्या या पावलांतच आहे. वजन कुठल्याच पायावर अडकून राहत नाही, त्यामुळे कोणी ढकललं किंवा दंड धरून ओढलं तर पाय आपोआप नव्या जागी पडतो. रस्त्यावरची झटापट बहुतेक वेळा ढकलण्याने किंवा धरण्यानेच सुरू होते आणि जो आधी खाली पडतो त्याचे हाल होतात. तेक्योनची कुस्ती म्हणा, सामना म्हणा, याच गोष्टीभोवती फिरतो: समोरच्याला पाडायचं, नाहीतर त्याच्या डोक्याला लाथ लावायची.

सामन्यात देजप नावाचा एक नियम असतो. एक पाय प्रतिस्पर्ध्याच्या टप्प्यात पुढे ठेवावाच लागतो, लांब उभं राहून वाट बघता येत नाही. मला हा नियम फार मोलाचा वाटतो. माणूस अंगाशी आला की नवख्याला गोठायला होतं आणि इथे तर सरावच त्या अंतरावर चालतो. माझ्यापेक्षा बराच जड मुलगा पायात पाय अडकल्यावर कसा आडवा होतो, हे मी तिथे स्वतःच्या पायाने अनुभवलं.

आता उणी बाजू. हा जुना खेळ आहे, वरच्या आणि खालच्या वस्तीतली माणसं एकमेकांशी खेळायची. यू सुकच्या १८४६ सालच्या चित्रात तो सिरुम कुस्तीबरोबर दिसतो. दुसऱ्या दिवशी त्याच माणसाचं तोंड बघायचं असल्याने लाथही इजा न करता ढकलणारी असते. सामन्यात ठोसा नसतो, त्यामुळे चेहऱ्यावर येणाऱ्या मुठीची सवय होत नाही. जमिनीवर पडल्यानंतरची झुंजही नाही. गळ्यावर, गुडघ्यावर मारायचे घातक डाव 'येत्बप' म्हणून वेगळे आहेत. जपानी राजवटीनंतरही ही विद्या ज्यांच्यामुळे टिकली त्या सोंग दोक-गी (१८९३–१९८७) यांच्याकडून ते पुढे आले, पण प्रत्येक ठिकाणी शिकवतातच असं नाही. शिकवले तरी पूर्ण जोर लावून त्यांचा सराव करता येत नाही, म्हणून माझा भरवसा साध्या पाय अडकवण्यावर जास्त आहे.

हापकिडोत मनगट सोडवणं, सांधे पिरगाळणं आणि मुख्य म्हणजे नीट पडायला शिकवतात. नुसतं पडणं शिकायला गेलात तरी पैसे वसूल. अडचण एवढीच की कित्येक वर्गांत जोडीदार मनगट पुढे करून शांत उभा राहतो. खरा हल्लेखोर तसा थांबत नाही. शिवाय तुम्हाला 'पारंपरिक' हवंय, तर हेही सांगते: हापकिडोचं मूळ चोई योंग-सुल यांनी जपानमध्ये घेतलेल्या शिक्षणात आहे आणि ते १९४५ नंतर कोरियात आलं. तेक्योनला १९८३ मध्ये दक्षिण कोरियाने राष्ट्रीय अमूर्त वारसा ठरवलं, २०११ मध्ये ते युनेस्कोच्या यादीत गेलं.

कायद्याकडे मात्र दुर्लक्ष करू नका. कोरियाच्या फौजदारी कायद्याचं कलम २१ स्वसंरक्षणाला मुभा देतं, पण दोघांनीही हात उचलला असेल तर दोघांवरही मारहाणीची नोंद होऊ शकते. समोरच्याला दूर सारून निघून जायचं आणि ११२ ला फोन करायचा, हे मारत राहण्यापेक्षा सगळ्याच बाजूंनी सुरक्षित. या कामाला तेक्योनची ढकलणारी लाथ चांगली बसते.

वर्ग निवडताना एकदा शेवटपर्यंत बसून बघा. क्योन्जुगी, म्हणजे विरोध करणाऱ्या जोडीदाराशी मोकळा सराव, होतो का? नुसते क्रम घोकून घेत असतील तर दुसरीकडे जा. आणि गुडघ्याला जुनी दुखापत असेल तर ती शिक्षकांना आधीच सांगा, कारण पुमबाप्गीचा भार तिथेच येतो.