तिसऱ्या उमेदवाराला दिलेलं मत वाया जातं का?

तुमचा प्रश्न असा: लोकसभेच्या तोंडावर पक्षात भांडणं लागली, तिकिटाच्या वादातून कुणी बंडखोरी केली किंवा तिसरी आघाडी उभी राहिली, तर तिकडं मत द्यावं का? की मतं फुटून नको तोच निवडून येतो?

मी सांगली मतदारसंघातला. हा प्रश्न आमच्या घरात पाच वर्षं जेवणाच्या पंगतीपर्यंत पोचला होता.

२०१९ ला मी वंचित बहुजन आघाडीच्या गोपीचंद पडळकरांना मत दिलं. आमची धनगर वस्ती. आरक्षणाचा विषय एवढ्या मोठ्या आवाजात लोकसभेच्या मैदानात पहिल्यांदाच आला, असं मला वाटलं. माझे थोरले चुलते, आम्ही आबा म्हणतो, वसंतदादांच्या काळापासून काँग्रेसचे. निकालाच्या दिवशी आमच्या बेदाण्याच्या शेडमध्ये त्यांनी एका रिकाम्या बॉक्सच्या पुठ्ठ्यावर आकडे लिहिले. भाजपचे संजयकाका पाटील ५,०८,९९५. वसंतदादांचे नातू, काँग्रेस आघाडीचे विशाल पाटील ३,४४,६४३. पडळकर ३,००,२३४. खालच्या दोन आकड्यांची बेरीज केली, त्याखाली दोन रेघा मारल्या आणि पुठ्ठा माझ्यापुढं धरला. "बघ. साडेसहा लाखाला पाच हजार कमी. तुझ्यासारख्यांनी घात केला."

त्यानंतर दोन यात्रांना आबा आमच्याकडं जेवायला आले नाहीत. शेड एकच, बाग शेजारी, पण गाडी भरायची वेळ आली तरी निरोप पोरांकरवी.

मी तेव्हाही म्हणत होतो आणि आजही म्हणतो, ती बेरीजच खोटी होती. पडळकर उभे नसते तर ती तीन लाख मतं उचलून विशाल पाटलांच्या खात्यात पडली असती, हे कुणी ठरवलं? माझ्या वस्तीतली निम्मी घरं त्याआधी २०१४ ला संजयकाकांना मतं देऊन बसली होती. काही जण तर मतदानालाच गेले नसते. मत हे पक्षाचं ठेवीचं पासबुक नाही. "आमची मतं खाल्ली" असं म्हणणारा प्रत्येक पुढारी मतदाराला आपल्या गोठ्यातलं जनावर समजतो, आणि याचा मला राग आहे.

दुसरं म्हणजे, २०१९ ला यंत्रावर काँग्रेसचा पंजा होता कुठं? काँग्रेसनं सांगलीची जागाच राजू शेट्टींच्या स्वाभिमानी पक्षाला देऊन टाकली आणि वसंतदादांच्या नातवाला दुसऱ्याच्या चिन्हावर उभं राहावं लागलं. जिल्ह्यातल्या काँग्रेसमध्ये वसंतदादांच्या घरचा दादा गट आणि कदम गट ही ओढाताण त्याच्या कितीतरी आधीपासूनची. मतं फोडायचं काम तिकीट वाटणाऱ्यांनी केलं आणि खापर फुटलं माझ्यासारख्या एका बोटाच्या माणसावर.

मग २०२४ आलं. महाविकास आघाडीत कोल्हापूरची जागा शाहू महाराजांसाठी काँग्रेसला गेली, तेव्हा ठाकरे गटानं सांगली धरून ठेवली आणि डबल महाराष्ट्र केसरी चंद्रहार पाटलांना मशाल दिली. चंद्रहार आमच्या भागातलाच गडी, पैलवान म्हणून त्याच्याबद्दल आदर आहेच. पण सांगलीतल्या काँग्रेसवाल्यांना विचारलं कुणी? काँग्रेसचे आमदार विश्वजित कदम दिल्लीपर्यंत जाऊन आले, जागा सुटली नाही. विशाल पाटील अपक्ष उभे राहिले, चिन्ह लिफाफा.

मतदानाच्या आदल्या संध्याकाळी आबा स्वतः आमच्या अंगणात आले. पाणी मागितलं, तांब्या अर्धा प्याले आणि म्हणाले, "उद्या लिफाफा." एवढंच. मी विचारलं, "आबा, अपक्षाला? मत वाया नाही जायचं?" ते खाली बघत राहिले. मग म्हणाले, "पंजा ठेवला नाही रं त्यांनी." त्या माणसाचा आवाज तसा मी कधीच ऐकला नव्हता. आयुष्यभर एका चिन्हासाठी उन्हातान्हात बूथवर बसलेल्या माणसाला दोन लोकसभा ते चिन्ह दिसलं नाही. मला वाद जिंकल्यासारखं वाटायला हवं होतं. वाटलं नाही.

निकाल तुम्हाला माहीत असेल. विशाल पाटील ५,७१,६६६, संजयकाका एक लाखाहून जास्त मतांनी मागं, आणि आघाडीचा अधिकृत उमेदवार साठ हजारांवर, अनामत जप्त. म्हणजे 'तिसरा' कोण, हे मुंबई-दिल्लीच्या यादीवर ठरत नाही, गावात ठरतं. तुमच्या प्रश्नाचं माझ्याकडचं उत्तर हेच. उमेदवार तिसरा आहे म्हणून त्याला टाळू नका. मतदारसंघात त्याची माणसं खरंच आहेत का, ते बघा. मागच्या निवडणुकीचे केंद्रनिहाय आकडे फॉर्म २० मध्ये असतात, निवडणूक अधिकाऱ्यांच्या संकेतस्थळावर मिळतात. चावडीवरच्या बेरजेपेक्षा ते वाचा.

आता जे आबांचं बरोबर होतं, तेही लिहितो. पडळकर २०१९ ची लोकसभा झाल्यावर काही महिन्यांतच भाजपमध्ये गेले आणि बारामतीतून विधानसभेला उभे राहिले. ज्याच्या विरोधात मी मत दिलं होतं, त्याच पक्षात. ते मला लागलं. त्यामुळं तिसऱ्याला मत देताना तो निवडणुकीनंतर कुठं जाईल, हा प्रश्न त्याच्या सभेत उभं राहून विचारा. अपक्ष म्हणून निवडून आलेला खासदार नंतर एखाद्या पक्षात शिरला तर पक्षांतरबंदी कायद्यानं त्याची खासदारकी जाते, फक्त पाठिंबा देता येतो. विशाल पाटलांनी काँग्रेसला तसं पाठिंब्याचं पत्र दिलं आणि ९९ वर अडकलेली काँग्रेस शंभर म्हणवून घेऊ लागली. ज्यांनी तिकीट नाकारलं, त्यांनीच.

आणि सांगली सगळीकडं होत नाही. त्याच वर्षी बुलढाण्यात रविकांत तुपकरांनी अपक्ष म्हणून जवळपास अडीच लाख मतं घेतली, तरी ते तिसरे राहिले आणि जागा शिंदे गटाच्या प्रतापराव जाधवांकडंच राहिली, पहिल्या-दुसऱ्यात तीस हजारांच्या आत फरक. अकोल्यात वंचितचे प्रकाश आंबेडकर पावणेतीन लाखांवर गेले आणि तिसरे राहिले. तिथल्या मतदाराला कुणी दोष देत असेल, तर त्याला मी पुठ्ठ्यावरची गोष्ट सांगेन.

तो पुठ्ठा अजून शेडमध्ये आहे, वजनकाट्याच्या मागं खोचलेला. यंदाच्या यात्रेला आबा जेवायला आले होते. पहिल्या पंगतीला बसले.